खारीचा वाटा, किती आणि कसा

सकाळची मिस्सा आटोपून आम्ही व्हरांड्यात चहाचा पेला घेऊन बसलो, की आवारातील कडुनिंबावरून एक खार डोके खाली करून उतरत असे. अर्ध्या खोडावर थांबून ती शेपटीला दोन-चार झटके देई, किरकिऱ्या आवाजात काहीतरी बोलून घेई आणि मग थेट आमच्या खुर्चीच्या पायाशी येऊन बसे. आम्ही बिस्किटाचा तुकडा पुढे करावा, तिने तो पुढच्या दोन पायांत धरून भराभरा कुरतडावा, असा नित्यक्रम जवळजवळ सहा वर्षे चालला. एकीच्या दोन झाल्या, दोनांच्या सात झाल्या. जुन्या गेल्या असतील, नव्या आल्या असतील, पण चहाच्या वेळी व्हरांडा कधी रिकामा राहिला नाही. एकट्याने राहणाऱ्या माणसाला अशा सोबतीची किती सवय लागते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. आल्यागेल्याला आम्ही हे दृश्य मोठ्या अभिमानाने दाखवीत असू. त्या अभिमानात आमची चूक दडलेली होती आणि ती एका मुक्या जिवाला भोवली. तीच हकिगत वाचकांपुढे ठेवावी, म्हणून हे लिहिणे.

कुडवा आता नावापुरतेच गाव राहिले आहे. गोंदिया शहर वाढत वाढत त्याला येऊन भिडले आहे. तरीही घरांच्या मागे धानाच्या बांध्या दिसतात, जुन्या आवारांत कडुनिंब, चिंच, जांभूळ उभे आहेत आणि जेथे अशी झाडे तेथे खार असावयाचीच. आमचा जन्म मालवणकडचा. तिकडे हिला ‘चानी’ म्हणतात. शाळेतल्या पुस्तकात ती ‘खारूताई’ झाली. येथे हिंदीचा शेजार असल्याने मुले तिला ‘गिलहरी’ म्हणून हाक मारतात. नावे तीन, प्राणी एकच. सेतू बांधताना वाळूचे कण वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून श्रीरामाने हात फिरवला आणि बोटांचे पट्टे उमटले, ही कथा मराठी माणसाला सांगावयास नको. त्या कथेनेच आपल्या भाषेला ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग दिला. निसर्गशास्त्र सांगते की दक्षिणेकडील खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात आणि उत्तर व मध्य भारतातील खारीच्या पाठीवर पाच. आमच्या व्हरांड्यातल्या खारींचे पट्टे आम्ही कित्येकदा मोजले आहेत. मधले तीन ठसठशीत आणि कडेचे दोन फिकट, असे एकूण पाच.

आमचा एक भाचा कॅनडात असतो. त्याच्या घरामागच्या अंगणात ‘चिपमंक’ नावाचा एक पट्टेदार प्राणी येतो. भाच्याने त्याचे छायाचित्र पाठविले तेव्हा आम्ही प्रथम म्हटले, ही तर आपली चानी! नीट पाहता फरक ध्यानी आला. चिपमंकचे दोन्ही गाल फुगलेले होते. त्याच्या गालांत पिशव्या असतात. त्यांत दाणे भरून तो ते बिळात नेऊन साठवितो. थंडीचे महिने तो बिळात झोपून काढतो आणि मधून मधून जागा होऊन त्या साठ्यातले खातो. आपल्या खारीला अशा गालपिशव्या नाहीत आणि हिवाळाभर झोपण्याची गरजही नाही, कारण आपल्याकडे बाराही महिने काही ना काही मिळतच असते. पण खाण्याच्या बाबतीत दोघांचा गुण एक आहे. दाणे, फळे, कोंब यांच्या जोडीला दोघेही किडे खातात आणि संधी मिळाली तर पक्ष्यांची अंडीही सोडीत नाहीत. पत्राच्या शेवटी भाच्याने एक वाक्य लिहिले होते: कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत वन्य प्राण्याला खाऊ घालणे कायद्याने मना आहे. आम्हांला ते वाचून हसू आले. भुकेल्याला घास देणे हा कुठे गुन्हा असतो काय? असे मनाशी म्हणून आम्ही बिस्किटांचा नवा पुडा फोडला.

त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रभर वाऱ्यापावसाने झोडपले होते. सकाळी शेजारचा एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा ओंजळ छातीशी धरून आला.

“फादर, हे झाडाखाली पडून होतं जी.”

ओंजळीत खारीचे पिल्लू होते. बोटाएवढे, अंगावर केस जेमतेम आलेले, डोळे मिटलेले, आणि हाताला थंडगार लागणारे. आम्ही घाईने दूध कोमट केले. औषधाच्या ड्रॉपरने त्याच्या तोंडात थेंब थेंब सोडू लागलो. ते चुटचुट करून पिऊ लागले तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो आम्ही विसरू शकत नाही. एका खोक्यात फडके घालून त्याला निजविले. दिवसातून पाच-सहा वेळा दूध पाजले. दुसऱ्या दिवशी त्याचे पोट फुगले, जुलाब झाले, नाकाशी दुधाचे बुडबुडे दिसू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा शाळेत जाण्यापूर्वी पाहावयास आला तेव्हा ते निपचित झाले होते.

मुलगा रडला नाही. त्याने एवढेच विचारले, “आपण तर दूध पाजलं होतं ना जी? मग कसं मेलं?”

तीस वर्षांच्या सेवेत आम्ही पुष्कळ घरांत मृत्यूच्या प्रसंगी बोललो आहोत. धीराचे शब्द आम्हांला अपरिचित नाहीत. त्या सकाळी मात्र एकही शब्द सुचला नाही, कारण मुलाला सांत्वन नको होते, कारण हवे होते. आणि ते आम्हांला ठाऊक नव्हते. जांभळाखाली आम्ही दोघांनी मिळून एक लहानसा खड्डा खणला. त्याच दुपारी आम्ही ओळखीच्या एका पशुवैद्यांकडे गेलो.

त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि जे सांगितले ते सौम्य नव्हते. “फादर, पिल्लू उपासानं नाही गेलं. खाऊ घातल्यामुळं गेलं.”

मग त्यांनी एकेक गोष्ट उलगडून सांगितली. पिल्लू थंड पडलेले असताना त्याचे पोट काम करीत नाही. म्हणून आधी ऊब द्यावयाची, दूध नंतर. खारीचे दूध स्निग्धांश आणि प्रथिने यांनी दाट असते. गाईचे दूध त्यापुढे पातळ, आणि त्यातील शर्करा त्या कोवळ्या आतड्यांना सोसत नाही, म्हणून जुलाब. ड्रॉपर दाबला की थेंब घशाऐवजी श्वासनलिकेत जातो. नाकाशी आलेले बुडबुडे ही फुप्फुसात दूध गेल्याची खूण होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याला घरात आणण्याचीच घाई झाली होती. खार आपल्या पडलेल्या पिल्लाला तोंडात धरून पुन्हा घरट्यात नेते. पिल्लाला जखम नसेल, तर उघड्या खोक्यात मऊ फडक्यात ठेवून ते खोके त्याच झाडाशी, मुंग्या लागणार नाहीत असे ठेवावे, मांजर-कुत्री हाकावीत आणि आपण दूर व्हावे. काही तासांत आई आली नाही, किंवा पिल्लू जखमी असले, तर त्याला उबेत ठेवून वनखात्याला कळवावे. खार हा वन्य जीव आहे. वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा आपल्या देशात १९७२ पासून आहे. तिला धरून पिंजऱ्यात पाळण्याचा विचारही करू नये.

बोलता बोलता त्यांनी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर असलेल्या वनखात्याच्या वन्यप्राणी उपचार केंद्राचा उल्लेख केला आणि आम्ही खाली मान घातली. त्या टेकडीला सेमिनरी हिल्स हे नाव ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे पडले, तेथेच आमचे धर्मशिक्षण झाले. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांची वर्षे आम्ही त्याच झाडांखाली काढली. त्याच टेकडीवर आज जखमी पाखरांना आणि अनाथ पिल्लांना सांभाळणारी जाणती माणसे बसलेली आहेत. गोंदियाहून नागपूर आगगाडीने सुमारे १३० किलोमीटर. आम्ही एक दूरध्वनीही केला नव्हता.

निघता निघता आम्ही सहज बिस्किटांचा विषय काढला. वाटले होते, निदान त्याबद्दल तरी शाबासकी मिळेल. ते हसले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

त्यांचे म्हणणे असे. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कठीण कवच, साल, बी कुरतडून ती ते झिजविते. मऊ बिस्किटाने दात झिजत नाहीत. बिस्किटात साखर आहे, मैदा आहे. फरसाणात मीठ आणि तेल आहे. एवढ्याशा देहाला हे ओझे होते. चॉकलेट तर विषच. भुईमुगाचा दाणा, सूर्यफुलाचे बी आणि मका हे खारींना अतिशय प्रिय. परंतु त्यांत फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अगदी थोडे. केवळ त्यांवर पोट भरणारी खार आपल्या हाडांतील कॅल्शियम खर्च करू लागते. हाडे ठिसूळ होतात, मागचे पाय लुळे पडतात. हे ऐकताच आम्हांला एक खार आठवली. आमच्या सातांपैकी ती सर्वांत धीट आणि सर्वांत खादाड. आदल्या उन्हाळ्यात ती फांदीवरून उडी चुकून पडली होती, आणि काही दिवसांनी दिसेनाशी झाली. तिच्या पडण्याचे कारण हेच होते असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ती रात्र आम्हांला झोप लागली नाही, एवढे खरे.

दुसरी भीती बुरशीची. आमच्या भागात पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल असते. डब्यातला शेंगदाणा पाहता पाहता खवट होतो आणि त्यावर हिरवट पिवळी बुरशी धरते. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी अचानक मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत अशाच बुरशीने तयार केलेले विष सापडले. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी धरलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यामागेही हेच विष होते. आपण खाऊ नये म्हणून बाजूला काढलेले दाणे आपण मोठ्या उदारपणे खारीपुढे टाकतो. ‘टाकून देण्यापेक्षा कोणाच्या तरी मुखी लागेल’ असे म्हणतो. आम्हीही म्हणत होतो.

त्यानंतर वर्षभर आम्ही एकच केले. खाऊ घालण्याऐवजी पाहत राहिलो. आमच्या मदतीवाचून खार काय खाते, हा प्रश्न आम्ही इतक्या वर्षांत स्वतःला विचारलाच नव्हता. फाल्गुनात पळस फुलला, तेव्हा खारी त्या केशरी फुलांत तोंड घालून मध चाखताना दिसल्या. मध चाखता चाखता त्या एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेतात; पळसाच्या झाडाला त्यांचा हा उपयोग होतो, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. चैत्रात मोहाची फुले पहाटे गळू लागली आणि ज्या फुलांसाठी आमच्याकडच्या बायाबापड्या टोपल्या घेऊन निघतात, त्यांतला आपला वाटा खारींनीही उचलला. मृगाच्या सुमारास जांभळे. पावसाळ्यात सालीखालचे किडे, वाळवी, कोवळे कोंब. नंतर पेरू, सीताफळ. कार्तिकात बांधीच्या कडेला सांडलेले धान. हिवाळ्यात बोरे आणि चिंचेची बोटुके. मधल्या रिकाम्या दिवसांत उंबर हात देई. अशा विविध आहारातून त्यांना जे मिळते, ते आमच्या डब्यातून कसे मिळावे?

वाचकांपैकी पुष्कळांच्या अंगणात खारी येत असतील, आणि त्यांना काहीच देऊ नका असे सांगण्याइतके कठोर आम्ही नाही. म्हणून ठेच लागून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. द्यावयाचेच तर रोज देऊ नये आणि पोटभर तर कधीच देऊ नये. पेरू, पपई, काकडी यांच्या लहान फोडी चालतात. सफरचंद दिल्यास बिया काढाव्यात. मीठ न लावलेल्या, बुरशी नसलेल्या, टरफलासकट दोन-तीन शेंगा पुरेत. टरफल फोडण्यात दातांना काम मिळते. दूध, बिस्किट, पाव, मिठाई, शेव-चिवडा, कांदा-लसूण ही आपल्या ताटातली वस्तू आपल्याच ताटात राहू द्यावी. पेरणीसाठी औषध लावलेले रंगीत बियाणे उघड्यावर ठेवू नये. आमच्याकडे भातगिरण्या आणि धानाची कोठारे पुष्कळ. तेथे उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड पिठात कालवून ठेवतात. खार आणि उंदीर यांत ते पीठ भेद करीत नाही. ठेवणाऱ्याने ते खारीच्या तोंडी लागणार नाही असे ठेवावे आणि काम झाल्यावर उचलून घ्यावे.

खाणे हातातून भरवू नये. खार बिस्किट आणि बोट यांत कधी कधी गल्लत करते. चावली तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. शिवाय माणसाच्या हाताची भीती गेलेली खार मांजराची भीतीही विसरते आणि नको तितका वेळ जमिनीवर बसते. खाणे जमिनीवर न ठेवता झाडाच्या बेचक्यात, जागा बदलून ठेवावे. एकाच थाळीवर सात-आठ खारी जमल्या की भांडणे होतात आणि रोगही पसरतात. उरलेसुरले संध्याकाळी उचलावे. मात्र उन्हाळ्यात पाणी अवश्य ठेवावे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उथळ मातीची परळ, तीत चढ-उतरासाठी एक दगड, आणि रोज घासून बदललेले पाणी, यात कोणाचेच नुकसान नाही.

एवढे कळल्यावरही व्हरांड्यातला डबा बंद करणे आम्हांला सोपे गेले नाही. आमच्या जिवाला तर धर्मगुरूंच्या बदलीची टांगती तलवार असतेच. पाच-सात वर्षे झाली की सामान बांधावयाचे. आपण गेल्यावर या सात जिवांनी चहाच्या वेळी कोणाच्या खुर्चीपाशी यावे, हा विचार मनात आला आणि आमच्या मायेचा खरा चेहरा आम्हांला दिसला. खारींना बिस्किटे हवी होती, हे खरे. पण खारी आम्हांला त्याहून अधिक हव्या होत्या. त्यांची भूक भागवीत आहोत असे म्हणत आम्ही आपलेच एकटेपण भागवीत होतो. माणसांच्या बाबतीतही आमच्याकडून असे किती वेळा झाले असेल! एखाद्याने सतत आपल्याकडेच यावे, आपल्यावाचून त्याचे अडावे, यातले सुख सेवेच्या नावाखाली सहज खपून जाते.

सवय एकदम तोडू नये, असे पशुवैद्यांनी बजावले होते. रानात काहीच नसताना, ऐन उन्हाळ्यात, तर मुळीच नाही. म्हणून पावसाळा सरून धान कापणीला आले, चहूकडे दाणा झाला, तेव्हा आम्ही सुरुवात केली. बिस्किटे पहिल्याच दिवशी बंद केली. त्यांच्या जागी शेंगा आणि फळांच्या फोडी, त्याही हातातून नव्हे, कडुनिंबाच्या बेचक्यात. मग दिवसाआड. मग आठवड्यातून दोनदा. पहिले काही दिवस ती जुनी ओळखीची खार खुर्चीपाशी येऊन बसे आणि वर पाही. चहा कडू लागे. मावशी स्वयंपाकघरातून म्हणत, “एवढासा तुकडा दिला तर काय बिघडते, फादर?” त्या तुकड्याने काय बिघडते ते जांभळाखाली पुरलेले आम्हांला ठाऊक होते. दीड महिन्यात व्हरांड्यातली गर्दी ओसरली.

त्या मुलाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले. चूक आमची होती, हे आधी सांगितले. मग दूध, ऊब, आई यांविषयीचे सारे समजावून दिले. त्याने शांतपणे ऐकले आणि मग विचारले, “आता काय करायचं जी?” आम्ही दोघांनी कुंपणाच्या कडेने पेरू आणि सीताफळाची रोपे लावली, मागच्या बाजूस एक उंबर लावला. पाण्याच्या परळीचे काम त्याने स्वतःकडे घेतले. पुढच्या पावसाळ्यात आणखी एक पिल्लू पडले. या वेळी तो ओंजळ घेऊन आला नाही. धावत येऊन त्याने खोके मागितले. खोके कडुनिंबाशी ठेवून आम्ही दोघे व्हरांड्यात गप्प बसून राहिलो. दोन तासांनी आई उतरली, खोक्याभोवती फिरली, आत शिरली आणि पिल्लाला तोंडात धरून वर निघून गेली. मुलगा इतका वेळ श्वास रोखून बसला होता की ती दिसेनाशी झाल्यावर त्याला खोकलाच आला.

आता बदलीचे पत्र हाती पडले आहे. येत्या महिन्यात आम्ही कुडवा सोडू. काल संध्याकाळी पुस्तके बांधताना खिडकीतून पाहिले, तर एक खार पेरूच्या फांदीवर आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि हिरवा पेरू कुरतडीत होती. पाठीवरचे पट्टे मोजता आले. तिने एकदाही वळून पाहिले नाही. थोडे वाईट वाटले, हे आम्ही लपवीत नाही.

मुलगा परळ घासून पाणी भरीत होता. त्याने विचारले, “नवे फादर येतील, त्यांना काय सांगू जी?”

पाणी रोज बदलतो एवढेच सांग, असे आम्ही म्हटले. बिस्किटांचा डबा मात्र आम्ही सोबत नेत आहोत.